हौसाक्का बसत नाहीत

हौसाक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला, आणि पहिल्याच दिवशी मला त्यांचा राग आला. नारायण पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडून मी नुकतीच शहराबाहेर मांजरी गावातल्या या नव्या इमारतीत राहायला आले होते. हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, सगळी मंडळी बसलेली, आणि माझ्या बरोबर पुढ्यात एक उंच, नऊवारी नेसलेल्या बाई खांबाला टेकून उभ्या. कथा सुरू झाली तरी उभ्याच. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या. मी पेठेत वाढलेली, गप्प राहणं मला कधी जमलेलं नाही. "अहो, आपण बसता का? देव आम्हालाही बघायचाय," असं मी म्हटलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं तो मला माज वाटला. त्या बाजूला सरकल्या आणि आरती संपेपर्यंत भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. प्रसादाचा शिराही त्यांनी उभ्यानेच खाल्ला.

माज नव्हता तो, भीती होती. पण हे कळायला मला पुढे बरेच महिने जावे लागले.

आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती हौसाक्कांच्या घरची. तिथे ऊस होता. जमीन बिल्डरला दिली, मोबदल्यात फ्लॅट मिळाले, त्यातल्या एकात, चौथ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात, हौसाक्का, मुलगा दत्ता आणि सून सुरेखा राहत. इमारतीतल्या जागांना हौसाक्का जुन्याच नावांनी ओळखत. पार्किंग म्हणजे गोठा, वॉचमनची खोली म्हणजे बांध. लिफ्ट होती तिथे त्यांची विहीर होती. बुजवून, वर काँक्रीट ओतून, यंत्र बसवून झालं तरी त्यांच्या लेखी ती विहीरच. त्या लिफ्टमध्ये हौसाक्का पाऊल ठेवत नसत.

जिन्याने त्या चढत एक एक पायरी करून, कठडा धरून. उतरत मात्र उलट्या. तोंड वरच्या बाजूला, पाठ खालच्या बाजूला, दोन्ही हातांनी कठडा धरलेला, आणि एक पाय मागे चाचपत खालची पायरी शोधणारा. पहिल्यांदा हे दृश्य पाहिलं तेव्हा वाटलं, आता ही बाई मागच्या मागे जाणार. मी धावले तर म्हणाल्या, "इहिरीत असंच उतरत्यात. पुढं तोंड करून कुनी इहिरीत उतरतंय का?" विहिरीच्या दगडी पायऱ्या त्या लहानपणापासून अशाच उतरत आल्या होत्या, आणि गुडघे दुखायला लागल्यावर त्यांच्या पायांनी ती जुनी रीत आपणहून शोधून काढली होती. सरळ उतरताना कळ मस्तकात जाई, उलटं उतरताना कमी जाई. जिन्यात कुणी भेटलं की त्या तिथेच थांबून बोलत, त्यामुळे हौसाक्का निरोप घेऊन निघाल्या तरी त्यांचा चेहरा आपल्याकडेच असे.

बाकी त्यांचा एकच नेम होता. बसायचं नाही. चहा उभ्याने, भाजी निवडणं ओट्याशी उभ्याने, संध्याकाळची मालिका दाराच्या चौकटीला टेकून. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत उभ्या. लग्नकार्यात यजमान हाताला धरून बसवायला आला की त्या कुणाला तरी हाक मारल्यासारखं करून तिथून निघून जात. मोटारीत बसावंच लागलं तर सीटच्या अगदी कडेला, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी आवळून, जणू मोटार सुरू व्हायच्या आतच उतरायचंय. मी एकदा विचारलं, रात्री झोपता तरी ना? तर म्हणाल्या, "झोपती की. झोपलेलं मानूस सकाळी उठतंय. बसलेलं उठंल का न्हाई, त्याचा भरवसा न्हाई."

हे मी हसण्यावारी नेलं. पण दिवसभर उभं राहून संध्याकाळपर्यंत त्यांचे पाय असे सुजत, की डाव्या गुडघ्याची वाटी दिसेनाशी होई. मग सुरेखा एरंडाची पानं तव्यावर गरम करून बांधून देई, आणि तेही हौसाक्का एक पाय स्टुलावर ठेवून, उभ्यानेच बांधून घेत. तो ओलसर, उष्ण पानांचा वास आमच्या पॅसेजमध्ये रोज संध्याकाळी येई. मला त्या वासाची धास्ती वाटायला लागली होती. कारण माझा उजवा गुडघा तेव्हा नुकताच बोलायला लागला होता.

माझं सगळं आयुष्य बसून गेलं. छापखान्यात प्रुफं तपासायचं काम. सकाळी टेबलाशी बसले की संध्याकाळी उठायचं. जन्मभर न बसलेल्या आणि जन्मभर बसलेल्या अशा दोन बायका समोरासमोरच्या दारांत, आणि दुखणं दोघींना तेच. डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याचा फोटो उजेडाला धरून सांगितलं की सांध्यातली गादी झिजलीय, वयाने होतं, चालत राहा, वजन वाढू देऊ नका. इतक्या शांतपणे सांगितलं की मला तिथल्या तिथे रडू आलं. यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. मी एकटी, चौथ्या मजल्यावर. संडासात उठता आलं नाही तर कुणाला हाक मारायची, हा विचार एकदा डोक्यात शिरला की तो काही केल्या जाईना. पुढच्या पाच-दहा वर्षांत आपलं काय होणार ते मला समोरच्या दारात उभं दिसे, आणि म्हणून मी हौसाक्कांना थोडी टाळतही असे.

एका संध्याकाळी सुरेखाने दार वाजवलं. आत्या तुमच्याकडे आल्यात का, असं तिने विचारलं. दुपारी चहा घेऊन गेलेल्या, अजून परत नाहीत. दत्ता रस्त्याकडे पाहायला गेला होता, ती गच्चीवर निघाली होती. मी इमारतीच्या मागे गेले. तिथे हौसाक्कांनी हट्टाने राखून ठेवलेली थोडी जमीन होती. थोडासा ऊस आणि कडेला मेथीचे वाफे. उन्हं कलली होती आणि उसात आधीच अंधारून आलं होतं. मी हाक मारली. उत्तर नाही. परत फिरणार एवढ्यात उसाच्या कडेला लुगड्याचा हिरवा रंग दिसला.

हौसाक्का मातीत बसल्या होत्या. एक पाय पोटाशी, दुसरा बाजूला मुडपलेला, दोन्ही हात जमिनीत रोवलेले. शेजारी उपटलेल्या तणाचा लहानसा ढीग. पडल्या नव्हत्या त्या. वाफ्यात तण दिसलं, जन्मभराच्या सवयीने हात खाली गेला, हाताबरोबर बाई खाली गेली, आणि खाली गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण बसलो. चहानंतरचा सगळा वेळ त्या तिथेच होत्या. इमारत हाकेच्या अंतरावर, खिडक्यांतून दिवे लागलेले दिसत होते.

"हाक का नाही मारलीत?" मी विचारलं.

"हाक मारली असती तर उचलून न्येलं असतं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "उचलून न्येलेलं मानूस खाटंवर ठेवत्यात."

मी त्यांच्या काखेत हात घालून ओढून पाहिलं. त्या हलल्या नाहीत, मीच पडता पडता वाचले. माझा गुडघा कट्‌कन वाजला आणि मी घाबरून तिथेच वाकून उभी राहिले. मग त्या बोलायला लागल्या, माझ्याकडे न पाहता, मातीकडे पाहत. त्यांच्या सासूचेही गुडघे असेच होते. एका पावसाळ्यात सासू चुलीपाशी पोत्यावर बसली, दुखतंय म्हणून उठेना, आणि घरच्यांनीही म्हटलं बसू द्या. जेवण तिथे, झोप तिथेच भिंतीला टेकून. हौसाक्का तेव्हा नव्या सूनबाई. सासूचं सगळं त्यांनीच केलं. हळूहळू सासूचे पाय वाकले ते तसेच राहिले. गेली तेव्हासुद्धा सरळ झाले नाहीत. बाप्यांनी गुडघे दाबून पाहिले, दाबलं की वरचं अंग उठायचं.

"तिरडीवर बी बसूनच गेली, बाई," त्या म्हणाल्या. "चार मान्सांच्या खांद्यावर बसून. म्या बगितलंय."

सत्यनारायणाच्या दिवशी ही बाई त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीकडे काय म्हणून पाहत होती, ते मला आता कळलं.

कुंपणाशी बांधकामातले सिमेंटचे ठोकळे उरलेले होते. मी दोन ओढत आणले, एकावर एक ठेवले. माझा स्वेटर काढून त्यांच्या गुडघ्यांखाली घातला. त्या हातांवर आणि गुडघ्यांवर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरू शकत नाही. मग ठोकळ्यावर हात, एक पाय पुढे, आणि मी मागून कमरेला धरून. उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या मला घट्ट धरून उभ्या राहिल्या आणि मीही त्यांना.

"सुनंला सांगू नगा," पहिलं वाक्य हेच.

खाली दुकानांच्या ओळीत एक दवाखाना होता, तिथे मृणाल नावाची मुलगी सांध्यांचे व्यायाम शिकवायला येई. मी म्हटलं, उद्या माझ्याबरोबर तिच्याकडे यायचं, नाहीतर आत्ता इथूनच सुरेखाला हाक मारते. "ह्ये बरं न्हाई, बाई," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बरं नाहीच. सुरेखाला मी एवढंच सांगितलं की आत्या मेथीपाशी उभ्या होत्या. मी सांगत होते तेव्हा त्या उभ्याच होत्या, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

मृणालने दुसऱ्या दिवशी गुडघे दाबून पाहिले, मग मांड्या. म्हणाली, आजी, मांडीत जोरच उरलेला नाही, म्हणून सगळा भार सांध्यावर येतो. दिवसभर उभं राहणं वाईट, दिवसभर बसणंही वाईट. थोडं चालायचं, मध्ये थांबायचं, पुन्हा चालायचं. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर त्या दिवशी कमी करायचं. हे सगळं हौसाक्कांनी मान डोलावत, उभ्याने ऐकलं. मग तिने भिंतीजवळची एक खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, आता मुख्य व्यायाम. या खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. पुन्हा बसायचं, पुन्हा उठायचं.

हौसाक्का एक पाऊल मागे सरकल्या. "आन न्हाई उठलं तर?"

"मी आहे ना, आजी."

"तू घरला ग्येल्यावर?"

तेवढ्यात मी म्हणाले, "मी आहे." का म्हणाले कोण जाणे. मी स्वतः त्या दिवसांत पलंगाचा कठडा धरून उठत होते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दोन दारांमधल्या पॅसेजमध्ये, सकाळी, खुर्ची मांडली जाऊ लागली. माझ्याच घरातली, लाकडी, भक्कम. उंच व्हावी म्हणून हौसाक्कांनी तिच्यावर घड्या घातलेल्या गोधड्या रचल्या. नियमही त्यांनीच घातला. एकीने बसायचं तर दुसरीने उभं राहायचं, हात पुढे करून. "दोगी बसलो तर उठवायचं कुनी?" मला त्यात काही चूक दिसेना. पहिल्या दिवशी त्या गोधडीला जेमतेम टेकल्या आणि तवा लागावा तशा उठल्या. मी म्हटलं, याला बसणं म्हणत नाहीत, याला शिवणं म्हणतात. त्या हसल्या नाहीत. कपाळावर घाम आला होता.

हळूहळू त्या टेकायला लागल्या, मग खरोखर बसायला. एखादी गोधडी कमी झाली. माझ्याही पायात थोडा जीव आला. जिना उतरताना मी कठडा नुसता शिवत जाऊ लागले. त्यांचा गुडघा काही नवा झाला नाही. "दुखतंय का?" असं मी रोज विचारी आणि त्या रोज म्हणत, "दुखतंय. पन उठतंय." सुरेखा दारात चहा घेऊन उभी राही आणि सासूला बसलेलं पाहताना तिचे डोळे भरून येत, पण ती बोलत काही नसे, तिला भीती वाटे की बोललं तर मोडेल.

मोडलंच एकदा. थंडीचे दिवस होते, सकाळी सांधे आखडलेले. हौसाक्का बसल्या आणि उठायला गेल्या तर उठता येईना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खाली. माझे हात त्यांनी इतके आवळले की माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या. त्यांचे डोळे माझ्यावर होते पण त्या मला पाहत नव्हत्या. त्या कुणाला पाहत होत्या ते मला माहीत होतं. मी इतकी घाबरले की ओरडणार होते, दत्ताला बोलावणार होते. मग मृणालचं सांगणं आठवलं. पुढे सरका, अगदी कडेला. पाय मागे घ्या. वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाका. माझा आवाज मलाच परका वाटत होता. हौसाक्का वाकल्या, आणि उठल्या. उठून सरळ घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर कित्येक दिवस पॅसेजमध्ये खुर्ची एकटी होती. मी बसत नव्हते, कारण समोर कुणी उभं नव्हतं. त्यांचा नियम आता माझाही झाला होता. पुन्हा संध्याकाळी एरंडाच्या पानांचा वास यायला लागला, पुन्हा त्या चौकटीला टेकून उभ्या दिसू लागल्या, आणि मला मनातून वाटलं की संपलं, त्यांचंही आणि माझंही. मग एका सकाळी दार उघडलं तर हौसाक्का खुर्चीपाशी उभ्या. हातात एक गोधडी होती, परत वाढवायला आणलेली. म्हणाल्या, "आज थोडी उंच करू." एवढंच. मी हात पुढे केले.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांना ताप आला. उतरेना, म्हणून डॉक्टरांनी दाखल करायला सांगितलं. हॉस्पिटलातून त्या परत आल्या नाहीत, आठवड्याच्या आत गेल्या. घरी आणलं तेव्हा सगळे चेहऱ्याकडे पाहत होते. मी आधी पायांकडे पाहिलं. डावा किंचित वाकडा होता, नेहमी होता तेवढाच. एरवी पाय सरळ होते. सुरेखानेही तिथेच पाहिलं असावं, कारण आमची नजरानजर झाली आणि मग ती रडायला लागली.

पण मला हौसाक्का आठवतात त्या दाखल व्हायला निघाल्या त्या सकाळच्या. दत्ताने खालून दोन माणसं बोलावली होती, खुर्चीत बसवून उचलून न्यायला. लिफ्टही उघडून धरली होती. त्यांनी दोन्हींना नुसत्या हातानेच नको म्हटलं. पॅसेजमधून चालत आल्या, आमच्या लाकडी खुर्चीपाशी थांबल्या, आणि कुणी काही म्हणायच्या आत तिच्यावर बसल्या. गोधडी नव्हती त्या दिवशी. अंगात ताप फणफणत होता. क्षणभर दम घेतला, वाकल्या, हात न टेकता उठल्या. थोडा तोल गेला तेव्हा मी धरलं.

"आता तुमी बसा, बाई," त्या म्हणाल्या. "मी हुबी हाय."

मी बसले. त्यांनी जिन्याकडे पाठ केली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि उलट्या उतरायला लागल्या. दत्ता एक पायरी खाली, त्यांच्या पाठीला हात लावून. बसल्या जागेवरून मला त्यांचा चेहरा कठड्याच्या गजांमधून दिसत होता, माझ्याकडेच वळलेला, एक एक पायरी खाली जाणारा. मग जिना वळला आणि चेहरा दिसेनासा झाला.

मी उठायला गेले तर पायांत जोरच नव्हता. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा खुर्चीवर आले. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. सुरेखा पिशवी घेऊन पुढे गेली होती. नाक बोटांच्या पुढे, पाय मागे, सगळं माहीत होतं आणि शरीर ऐकत नव्हतं.

खालून, वळणापलीकडून आवाज आला. "उठला का, बाई?"

"उठले," मी बसूनच म्हणाले. आणि मग उठले.